आठच्या आत

वरच्या हमरस्त्याच्या वळणावर एक तपकिरी पाटी आहे. तिच्यावर खाली उतरणारा बाण आणि दोन शब्द: ऐतिहासिक वस्ती. ही पाटी लागली तेव्हा वस्तीत दोनच माणसं उरली होती. माणसं होती तोवर पाटी नव्हती, आणि पाटी आली तर माणसं नाहीत. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

त्या दोघांतली एक किल्लीवाली. तिचं खरं नाव हाक मारण्यासारखं कोणी राहिलं नव्हतं, त्यामुळे ते रेशनच्या कागदावर पडून होतं. वस्ती म्हणजे उतारावर समुद्राला टेकलेली वीसेक दगडी घरं, मध्ये एक चौक, चौकात आटलेली विहीर, आणि गल्ल्या अशा की समोरून टोपलीवालं माणूस आलं तर एकाने कोणाच्या तरी दारात शिरून वाट द्यावी. पूर्वी या दारात शिरण्याच्या निमित्ताने निम्म्या वस्तीच्या बातम्या निम्म्या वस्तीला कळायच्या. मग वर रस्ता झाला, रस्त्याकडेला शाळा आली, दवाखाना आला, दुकानं आली, आणि माणसं एकेक करून वर चढली. काही तिथूनच शहराची गाडी धरून पसार झाली. जाताना बहुतेकांनी कुलूप लावलं आणि किल्ली हिच्या हातात दिली. हिला का, तर ही जात नव्हती म्हणून.

अशा अकरा किल्ल्या तिच्या स्वयंपाकघरात खिळ्यांना टांगलेल्या होत्या. एक दिवसाआड ती सकाळी त्या अकरा घरांच्या खिडक्या उघडायची, खोल्यांना वारा द्यायची, केर काढायची, आणि चारच्या आत सगळ्या खिडक्या बंद करायची. चारनंतर वारा फिरतो आणि समुद्राचा खारटपणा घरात घेऊन येतो. तो गादीत शिरला की गादी गेली, कडीला लागला की कडी गेली, भिंतीवरच्या फोटोतली माणसं तर दोन वर्षांत ओळखू येईनाशी होतात. तीस वर्षांत तिच्या हातून एक खिडकी चारनंतर उघडी राहिली नव्हती. या बाबतीत बाई नाकावर माशी बसू देत नसे.

हंगामात पाटी बघून पाहुणे उतरायचे, भिंतींचे फोटो काढायचे आणि ऊन कललं की निघून जायचे. एकदा एका बाईने मान वर करून, खिडकीत उभ्या असलेल्या किल्लीवालीलाच विचारलं, की अहो, इथे कोणी राहतं का? किल्लीवालीने नाही म्हणून सांगितलं आणि खिडकीतून बाजूला झाली. सांगून झाल्यावर मात्र तिचं तिलाच कसंसं झालं.

दुसरा माणूस म्हणजे सुतार. होड्या बांधणारा, एकोणऐंशीचा, काटक. गल्लीच्या त्या बाजूला, अगदी समोर राहायचा. तिची माडीवरची खिडकी आणि त्याची माडीवरची खिडकी यांत तीन हातांचं अंतर होतं, आणि चौदा वर्षांचा अबोला.

अबोल्याचं कारण ऐकाल तर हसाल. किल्लीवालीचा नवरा आणि सुतार जिवाभावाचे मित्र. नवरा गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी वादळात तिच्या खिडकीची झडप उडाली. सुताराने न सांगता नवी करून बसवली, पैशाचं नावही काढू दिलं नाही. पण पहिल्याच ओलीत ती झडप फुगली आणि चौकटीत अडकायला लागली. चौकात चार माणसांसमोर किल्लीवालीच्या तोंडून गेलं, की यांच्या होड्या बुडत कशा नाहीत कोण जाणे. बोलून गेली, झालं. पण सुताराच्या हातची एकही होडी चाळीस वर्षांत गळली नव्हती, आणि त्या माणसाला दुसरा कसला अभिमानच नव्हता. तो काही बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही. तिला वाटलं, मित्राच्या बायकोचा एक शब्द सहन होत नाही, तर राहू दे. त्याला काय वाटलं ते त्यालाच ठाऊक. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथे तर दोन सुंभ समोरासमोर.

झडप तशीच राहिली. रोज सकाळी सहाला किल्लीवाली तिच्यावर तळहाताने जोरात मारायची, तेव्हा ती धप्पकन उघडायची. खरं सांगायचं तर अर्ध्या जोरातही ती उघडली असती. पण समोरच्याला ऐकू जावं, आपल्या हातचं काम कसं आहे ते त्याला रोज कळावं, म्हणून बाई मुद्दाम पूर्ण जोर लावायची. तीन वर्षांपूर्वी तिचा पुतण्या येऊन गेला, तेव्हा तो परस्पर सुताराकडे जाऊन म्हणाला, काका, जरा रंधा मारून द्या. सुतार म्हणाला, जमणार नाही. किल्लीवालीने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून दीडपट जोराने मारायला लागली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती या वस्तीच्या रीतीची. पुरुष महिना महिना समुद्रावर असायचे तेव्हापासूनची ही रीत. प्रत्येक घराची गल्लीकडची खिडकी सकाळी आठच्या आत उघडली पाहिजे. आठला बंद दिसली, तर ज्याच्या नजरेस पडेल त्याने जाऊन दार वाजवायचं. दोन टकटक, थोडं थांबायचं, मग आणखी एक. आतून कोणी हललं नाही तर शेजारी ठेवलेल्या किल्लीने दार उघडून आत जायचं आणि काय झालंय ते बघायचं. यात भांडण, अबोला, कोर्टकचेरी, काही आड आणायचं नाही. या रीतीने दोन-तीन जीव वाचले होते, आणि जे वाचले नव्हते ते निदान दुपारपर्यंत एकटे पडून राहिले नव्हते.

वस्ती रिकामी झाली तरी ही दोघं रीत पाळत होती. सहाला तिची खिडकी, सहा-दहाला त्याची. तो आळशी म्हणून मागाहून उठतो, असं ती मनाशी धरून होती. बोलणं नाही, बघणं नाही, पण दोघांपैकी एकाची झडप बंद राहिली असती तर दुसरा दारात उभा राहिला असता, याची तिला खात्री होती. त्या खात्रीवर तिची झोप चालायची.

आणि मग एका सकाळी वरची पाववाली बातमी घेऊन उतरली. पाववालीला खालपर्यंत यायचा कंटाळा, पण बातमी असली की ती पायऱ्या मोजत नसे. सुताराची लेक येत्या गुरुवारी येणार आणि बापाला शहरात घेऊन जाणार, कायमचा. त्याची छाती भरते म्हणे, एकटं ठेवणं बरं नाही. किल्लीवाली म्हणाली, जाऊ दे की, मला काय. पाव घेतला, दार लावलं, आणि पाव हातात तसाच धरून बराच वेळ उभी राहिली.

मध्ये चार दिवस होते. जाण्याआधी एक शब्द तरी व्हायला हवा, हे तिला कळत होतं. तो गेल्यावर समोरच्या खिडकीशी बोलून उपयोग नव्हता. शिवाय आणखी एक गोष्ट तिला टोचत होती, ती अशी की तिला वहिनी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. दीर गेले, नवऱ्याचे बाकीचे मित्र गेले. पुतण्या काकू म्हणायचा, पाववाली किल्लीवाली म्हणायची, बँकेतला साहेब मॅडम म्हणायचा. वहिनी म्हणणारा एकटा सुतार, आणि तो बोलत नव्हता.

पण आधी बोलायचं कोणी? तिने मनाशी ठरवलं, तो जाणारा, तर निरोप घ्यायला त्यानेच यावं. सोमवारी ती काम नसताना तीनदा त्याच्या दारावरून गेली. मंगळवारी दारासमोर किल्ल्यांचा जुडगा पाडला आणि सावकाश वाकून उचलला. दार अर्धं उघडं होतं, आत तो पटाशी-करवती फडक्यात गुंडाळत बसला होता. त्याने मान वर केली, परत खाली घातली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तर ताक कुठून मिळणार! बुधवारी तिने बाहेर जाणंच टाळलं.

गुरुवारी खिडक्यांचा दिवस होता. गाडी पाचला येणार असं पाववालीकडून कळलं होतं. किल्लीवालीने नेहमीसारखी धप्पकन आपली झडप उघडली, मग अकरा घरं हिंडली. जीव थाऱ्यावर नव्हता. तीनला ती खिडक्या बंद करत निघाली, आणि शेवटी राहिलं कप्तानाचं घर. कप्तान जाऊन वीस वर्षं झाली होती, पण घर अजून त्याचंच म्हणायचे. सगळ्यांत उंच घर, माडीच्या काही खिडक्या थेट समुद्रावर, काही वरच्या वळणाकडे. जिन्याची सातवी पायरी किडलेली आहे हे तिला वर्षभर माहीत होतं, ती नेहमी ओलांडून जायची. त्या दिवशी डोक्यात दुसरंच चाललं होतं. सातव्या पायरीवर पाय पडला, फळी मोडली, आणि बाई गडगडत जिन्याच्या तळाशी कोसळली. घोट्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. फोन घरी, चार्जिंगला लावलेला. मग तिच्या लक्षात एक गोष्ट आली आणि पायापेक्षा ती जास्त दुखली. तिची स्वतःची खिडकी उघडी होती. उघडी खिडकी म्हणजे माणूस ठणठणीत. उद्या आठला उघडी, परवा आठला उघडी, कोणी बघितलं तरी येणार नाही. आणि उद्यापासून बघणारंच कोणी नाही. वस्तीची एवढी जुनी रीत, पण खिडकी उघडून बाहेर पडलेलं माणूस बाहेरच पडलं तर काय करायचं, याचा विचार कोणी केला नव्हता. तेव्हा गल्लीत माणसं होती, विचाराची गरजही नव्हती.

पाचच्या सुमारास चौकातून आवाज आले. सुताराची लेक, मग बॅगा फरशीवरून ओढल्याचा आवाज, मग त्याचा खोकला. कप्तानाचं घर चौकाला लागूनच. एक हाक पुरे होती. किल्लीवालीने तोंड उघडलं आणि, खोटं कशाला सांगा, परत मिटलं. हाक मारली तर आधी बोलल्यासारखं होणार. चौदा वर्षं राखलेलं, ते असं जिन्याखाली पडून घालवायचं? निघताना तो माझ्या दाराशी जाईल, दार वाजवेल, मी नाही म्हटल्यावर शोधेल, मग सापडेनच मी, असा तिने हिशेब मांडला. विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरं काय.

त्याने दार वाजवलं की नाही ते तिला ऐकू आलं नाही. वस्तीच्या तोंडाशी उभ्या गाडीचं दार लागल्याचं मात्र ऐकू आलं. इंजिन सुरू झालं, तेव्हा तिच्या तोंडून आपोआप हाक फुटली. पूर्वीसारखी सुताराला दादा म्हणून ओरडली, परत ओरडली, घसा फाटेपर्यंत ओरडली. आणि गाडी चढण चढत गेली, आवाज बारीक होत होत समुद्राच्या आवाजात मिसळून गेला.

त्यानंतरची शांतता तिने पूर्वी कधी ऐकली नव्हती. वस्तीत रोज शांतताच असायची, पण त्या शांततेत समोर कोणीतरी खोकायचं, भांडं आपटायचं, करवत घासायचं. आता वीस घरांत श्वास घेणारी ती एकटी, आणि तीही जमिनीवर. उघड्या खिडक्यांतून खारा वारा आत येत होता, वर कुठेतरी एक झडप आपटत होती. चार वाजून गेले, खिडक्या राहिल्या, हे आठवून तिला रडू आलं. पायासाठी आलं नव्हतं, सुतारासाठी आलं नव्हतं, ते सगळं रडू त्या खिडक्यांच्या नावाने बाहेर पडलं.

किती वेळ गेला कोण जाणे. उजेड अजून होता. चौकातल्या फरशीवर काठीचा आवाज आला, मग दम लागलेल्या माणसाचा श्वास, आणि मग दार वाजलं. दोन टकटक. थोडं थांबून आणखी एक.

"वहिनी, आहात का?"

"आहे," किल्लीवाली म्हणाली.

दार उघडंच होतं. सुतार आत आला, मोडलेली पायरी बघितली, तिला बघितलं आणि तिच्या शेजारी खालच्या पायरीवर बसून आधी नुसता धापा टाकत राहिला. मागून लेक धावत आली. बाबांनी वळणावर पाटीपाशी गाडी थांबवायला लावली, असं तिने सांगितलं. तिथून अख्खी वस्ती दिसते, शेवटचं बघून घ्यायचं होतं. बघितलं आणि म्हणाले, कप्तानाच्या खिडक्या उघड्या आहेत, मागे फिरव. मी म्हटलं, विसरल्या असतील काकू. तर म्हणाले, ती बाई विसरत नाही.

लेकीने ओढणीने घोटा आवळून बांधला, दोघांनी मिळून तिला गाडीपर्यंत नेलं. वर जायच्या आधी किल्लीवालीने लेकीला कप्तानाच्या खिडक्या बंद करायला लावल्या. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, दहा दिवस पाय टेकायचा नाही. पाववालीने दोन वेळचं बघायचं कबूल केलं. आणि सूर्य मावळायच्या सुमारास लेकीने तिला परत आणून तिच्या माडीवर, खिडकीजवळच्या पलंगावर बसवलं. सुतार जिना चढून वर आला. चौदा वर्षांनी या खोलीत आला होता तो. बसला नाही. आपल्या घराची किल्ली त्याने तिच्या उशीशी ठेवली.

मग झडपेकडे गेला आणि चौकटीवरून अंगठा फिरवला.

"ही कोणाकडून रंधून घेऊ नका, वहिनी."

"पुतण्याला तुम्ही जमणार नाही म्हणालात."

"म्हणालो. पहाटे चारपासून जागा असतो मी. अंधारात काय दिसणार? ही वाजली की कळायचं, वहिनी उठल्या. मग मी चहा टाकायचो, मग माझी उघडायचो."

चौदा वर्षं किल्लीवालीने त्या झडपेवर राग काढला होता, आणि समोरच्या माणसाने तो रोज खुशालीसारखा ऐकून घेतला होता. त्या दिवशी चौकात मी तसं बोलायला नको होतं, असं ती शेवटी म्हणाली. तो म्हणाला, झडप अडकते हे खरंच आहे. लाकूड ओलं होतं, मला माहीत होतं, घाई केली मी. मग तो जिना उतरला. खालून लेकीने हाक मारली, गाडीचं दार लागलं. या खेपेला गाडी वळणावर थांबली असली तरी परत फिरली नाही.

दहा दिवस किल्लीवाली पलंगावरूनच हात लांब करून झडप उघडत होती. धप्प. समोरची बंद. ती सहा-दहापर्यंत बघत राहायची, मग कूस बदलायची. एकदा लेकीच्या फोनवरून त्याच्याशी बोलणं झालं. शहरात खिडक्या उघडत नाहीत म्हणाला, काचेच्या आहेत, आणि समोर दुसऱ्या काचा.

अकराव्या दिवशी औषधाच्या गुंगीने तिला उशिरा जाग आली. साडेसात होऊन गेले होते. पहिला विचार मनात आला तो त्याच्या घराचा. अकरा दिवस बंद, आत दमट झालं असणार. तोंडावर पाणी मारलं, काठी घेतली, बारावी किल्ली घेतली, सवयीने आपल्या दाराला कुलूप लावलं आणि तशीच गल्ली ओलांडून गेली.

जिना एकेक पायरी चाचपत चढली. त्याच्या माडीवर फार सामान उरलं नव्हतं. खिडकीशी मात्र एक खुर्ची होती, बंद झडपेकडे तोंड करून ठेवलेली. उशी बसून बसून मध्ये दबली होती. खिडकीच्या कट्ट्यावर कपाच्या बुडाची वर्तुळं उमटली होती, एकावर एक, इतकी की लाकूड तेवढ्या जागी काळं पडलं होतं. पाय ठणकत होता, म्हणून किल्लीवाली त्या खुर्चीत बसली. बसल्यावर झडपेच्या फटी नेमक्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या.

फटीतून दुसरं काही दिसत नव्हतं. समुद्र नाही, आकाश नाही, चौक नाही. फक्त तिची खिडकी. आणि ती बंद होती.

घाईत आज उघडायची राहिली होती, हे तिला कळत होतं. तरी ती बसून राहिली. आता उघडेल, मग उघडेल, असं बघत राहिली. मनगटावरच्या घड्याळात आठ वाजले. एवढी वर्षं हा माणूस इथे असा बसायचा, असं तिच्या मनात आलं. खिडकी उघडली नाही. उघडणार कोण?

मग ती उठली. काठी टेकत जिना उतरली, गल्ली ओलांडली आणि आपल्या दारासमोर उभी राहिली. दोन टकटक केल्या, थोडी थांबली, मग आणखी एक.

कान देऊन तिने ऐकलं. आत कोणी हललं नाही. तेव्हा रीतीप्रमाणे तिने किल्ली काढली, दार उघडलं आणि काय झालंय ते बघायला आत गेली.